सरावाचे स्मरण : ६१७ स्क्वाड्रन आणि ऐतिहासिक पुनरभिनय

इतिहासातील एखादी घटना मूळ स्थळी किंवा तत्सम स्थळी, मूळ साधनांनिशी वा त्यांच्या प्रतिकृतींनिशी पुन्हा करून दाखविण्याच्या प्रकाराला इंग्रजीत 'रीइनॅक्टमेंट' म्हणतात. मराठीत त्याला रूढ पर्याय नाही. 'पुनर्निर्मिती' म्हटले तर भर वस्तूवर पडतो. 'नाट्यरूपांतर' म्हटले तर लिखित संहिता आणि रंगमंच गृहीत धरले जातात. प्रस्तुत लेखात 'पुनरभिनय' ही संज्ञा योजली आहे. 'अभिनय' या शब्दाची भरताने दिलेली व्युत्पत्ती 'अभि' आणि 'नी' यांतून होते. अर्थ प्रेक्षकाच्या सन्मुख नेऊन पोचविणे, असा निघतो. घडून गेलेली गोष्ट पुन्हा सन्मुख आणताना तिचा कोणता भाग आणला जातो आणि कोणता वाटेतच राहतो, या प्रश्नासाठी ही व्युत्पत्ती सोयीची आहे.

या संकल्पनेचा वैचारिक वारसा दुहेरी आहे. आर. जी. कॉलिंगवुड यांच्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' या १९४६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, भूतकालीन व्यक्तीचा विचार इतिहासकाराने आपल्या मनात पुन्हा करणे हेच इतिहासज्ञानाचे स्वरूप मानले आहे. तेथे पुनरावृत्ती विचाराची असून शरीराचा संबंध नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झालेला पुनरभिनय नेमका उलट्या टोकाचा आहे. जुना गणवेश, जुने जोडे, जुने यंत्र आणि त्यांच्या योगे अंगाला येणारा अनुभव, हा त्याचा आधार. व्हेनेसा ॲग्न्यू यांनी २००४ साली या शरीराश्रित प्रकाराची चिकित्सा केली, ती मुख्यतः तो अनुभव पुष्कळ देतो आणि स्पष्टीकरण थोडे देतो, या अंगाने. रिबेका श्नायडर यांनी 'परफॉर्मिंग रिमेन्स' या २०११ च्या ग्रंथात दुसरी बाजू मांडली. प्रयोग संपताच नाहीसा होतो हे गृहीतक त्यांना मान्य नाही. कागद उरतो तसा शरीराने केलेला प्रयोगही एका शरीरातून दुसऱ्या शरीरात उरतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या वादात शिरावे असे उदाहरण ब्रिटिश शाही वायुदलाच्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे आहे. 'डॅमबस्टर्स' या लोकनामाने ओळखल्या जाणाऱ्या या स्क्वाड्रनचे स्मरण ग्रंथ, चित्रपट, संगीत, शिल्प, विमानोड्डाण आणि वेशभूषेचे मेळे अशा अनेक माध्यमांतून होत आले आहे. ही माध्यमे एकमेकांपासून उसने घेत असतात. मूळ कोणते आणि अनुकृती कोणती हे सांगणे त्यामुळे क्रमाक्रमाने कठीण होत गेले आहे.

घटना थोडक्यात अशी. १६ मे १९४३ च्या रात्री इंग्लंडमधील स्कॅम्प्टन तळावरून १९ लँकेस्टर विमाने जर्मनीच्या रूर खोऱ्याकडे निघाली. विमानात प्रत्येकी सात, म्हणजे एकूण १३३ माणसे होती. नेतृत्व गाय गिब्सन या २४ वर्षांच्या अधिकाऱ्याकडे होते. अभियंते बार्न्स वॉलिस यांनी आखलेला सुमारे चार टनांचा दंडगोल बाँब उलट दिशेने गरगर फिरवीत अवघ्या ६० फुटांवरून पाण्यावर टाकायचा, त्याने टप्पे घेत धरणाच्या भिंतीला भिडायचे, भिंतीलगत बुडायचे आणि पाण्याखाली फुटायचे, अशी योजना होती. म्योने आणि एडर ही धरणे फुटली, झोर्पे टिकले. आठ विमाने परतली नाहीत. ५३ जण मृत्युमुखी पडले आणि तिघे युद्धकैदी झाले. खाली खोऱ्यांत सुमारे १,३०० माणसे बुडून मेली. त्यांतली निम्म्याहून अधिक जर्मन नव्हती. ती परदेशांतून आणलेली वेठीची माणसे आणि युद्धकैदी होते, आणि नेहाइम गावाजवळच्या छावणीत कोंडलेल्या सोव्हिएत प्रदेशातील स्त्रियांची संख्या त्यांत फार मोठी होती.

स्मरणसोहळे या घटनेचे म्हटले जातात. परंतु त्यांतला सर्वांत प्रसिद्ध सोहळा जिथे होतो ती जागा घटनेची नाही. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात डरवेंट नावाचे दगडी धरण आहे. त्याच्या भिंतीवर दोन बुरूज आहेत आणि म्योने धरणावरही दोन बुरूज होते. या साम्यामुळे १९४३ च्या वसंतात स्क्वाड्रनने येथे पाण्यालगत उडण्याचा सराव केला. तो सराव स्वतःच नाट्यधर्मी होता. दिवसा रात्रीचा भास व्हावा म्हणून विमानाच्या काचांना निळी छटा दिली जाई आणि वैमानिक पिवळसर चष्मे लावीत. उंची नेमकी साधण्यासाठी विमानाच्या पोटाखाली दोन दिवे बसविले होते; त्यांची प्रकाशवर्तुळे पाण्यावर एकमेकांना भिडली की ६० फूट झाले. बहुतेक सैनिकांना आपले लक्ष्य काय आहे हे शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलेले नव्हते. तालीम चालली होती. नाटक कोणते ते नटांना ठाऊक नव्हते.

पुढे १९५४ साली मायकेल अँडरसन दिग्दर्शित 'द डॅम बस्टर्स' या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, तेव्हा जर्मन धरणाच्या भूमिकेसाठी पुन्हा डरवेंटच निवडले गेले. सेवेतील वायुदल वैमानिकांनी उरलीसुरली लँकेस्टर विमाने चालविली. अकरा वर्षांपूर्वी सरावात म्योनेचा प्रतिनिधी असलेले धरण पडद्यावर म्योनेच झाले. त्यानंतरच्या दशकांत वर्धापनदिनी लँकेस्टर विमान डरवेंटवरून उडवण्याची प्रथा पडली. १६ मे २०१३ रोजी, सत्तराव्या वर्षी, त्याच्याबरोबर याच स्क्वाड्रनची टॉर्नेडो विमानेही उडाली. काठावर जमलेला समुदाय सरावाचे स्मरण करतो, चित्रपटाचे, की त्या रात्रीचे? प्रेक्षकाच्या मनात तिन्ही एकजीव झालेले असतात. परंतु काटेकोर बोलायचे तर तिथे पुन्हा होते ती तालीम. तालमीत शत्रू नसतो, स्फोट नसतो, धरण फुटत नाही.

चित्रपटाचा या परंपरेतील वाटा पाठचिकित्सेच्या अंगाने पाहण्याजोगा आहे. पॉल ब्रिकहिल यांच्या १९५१ च्या ग्रंथावर आणि गिब्सनच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनावर तो आधारलेला असून त्याचा पहिला खेळ मुद्दाम १६ मे १९५५ रोजी लावला गेला. त्यात शिरलेल्या दोन गोष्टी लोकस्मृतीत इतिहास म्हणून रुजल्या. दिव्यांची कल्पना गिब्सनला नाट्यगृहात नर्तकींवर पडलेले झोत पाहून सुचली, हा प्रसंग चित्रपटाचा आहे; प्रत्यक्षात ती सूचना विमाननिर्मिती मंत्रालयातील शास्त्रज्ञ बेंजामिन लॉकस्पायझर यांची होती. दुसरी गोष्ट बाँबच्या आकाराची. १९५४ साली तो अजून गुप्त होता, म्हणून चित्रपटात गोल बाँब दाखवावा लागला. खरा बाँब आडव्या पिंपासारखा होता, हे तपशील खुले झाल्यावरही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गोळाच येतो. गोपनीयतेच्या नियमाने निर्माण केलेला पाठभेद मूळ पाठाला भारी ठरला, असा हा प्रकार आहे.

तिसरा पाठभेद अलीकडचा. गिब्सनच्या काळ्या कुत्र्याचे नाव कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द होता, आणि म्योने फुटल्याची खूण म्हणून तोच शब्द बिनतारी संदेशात वापरला गेला. चित्रपटात तो आहे. दूरचित्रवाणीवरील काही प्रक्षेपणांत तो कापला गेला. स्कॅम्प्टन येथील त्या कुत्र्याच्या थडग्यावरचा नावाचा दगड २०२० साली वायुदलाने बदलला आणि नाव वगळले. त्यावर झालेली चर्चा जुन्या संहितेतील अपशब्दाचे संपादकाने काय करावे, या आपल्या परिचयाच्या प्रश्नाहून वेगळी नाही. फरक एवढाच की, छापील संहितेत तळटीप देता येते आणि थडग्याला ती देता येत नाही.

आता विमानाकडे वळू. ब्रिटनमध्ये उडू शकणारे एकच लँकेस्टर उरले आहे. वायुदलाच्या स्मृतिपथकाकडील या विमानाचा क्रमांक पीए ४७४. ते १९४५ साली बांधले गेले, जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी. युद्ध संपल्यामुळे ते कधीच लढले नाही. पुढे त्याने आफ्रिकेत नकाशांसाठी छायाचित्रे घेतली. जगातील दुसरे उडते लँकेस्टर कॅनडात हॅमिल्टन येथे आहे, आणि तेही १९४५ चेच. अर्थात डरवेंटवरून उडणारे विमान डॅमबस्टर्सचे विमान नाही. ते त्या विमानांची भूमिका करणारे पात्र आहे, आणि कित्येकदा आपल्या अंगावर दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध विमानाची चिन्हेही रंगवून घेते.

ही स्थिती समजून घेण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील श्रीशंकुकाचे चित्रतुरगन्याय हे उदाहरण उपयोगी पडते. भिंतीवर रंगविलेला घोडा पाहून पाहणारा 'हा घोडा' म्हणतो. हे ज्ञान यथार्थ नाही, भ्रम नाही, संशय नाही, आणि केवळ सादृश्याचे ज्ञानही नाही. ते या चारींहून निराळे आहे. रंगमंचावरील नटाविषयी 'हा राम' असे जे ज्ञान होते ते याच जातीचे, असे शंकुकाचे मत अभिनवगुप्ताने नोंदविले आहे. डरवेंटच्या काठावरील जाणत्या प्रेक्षकाला हे विमान त्या रात्रीचे नव्हे हे पक्के ठाऊक असते आणि तरीही चार मर्लिन इंजिनांचा आवाज दरीत भरला की तो 'आले' म्हणतो. त्याची फसवणूक झालेली नसते. तुलना मात्र येथे थोडी अडखळते, कारण लँकेस्टर हे निव्वळ चित्र नाही. ते त्याच जातीचे, त्याच घडणीचे यंत्र आहे. चित्रातला घोडा नव्हे, दुसराच जिवंत घोडा.

शंकुकाच्या अनुकरणवादावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी घेतलेले दोन आक्षेप येथे अधिक कामाचे आहेत. ज्याचे अनुकरण करायचे तो आधी पाहिलेला असावा लागतो, आणि रामाला कोणी पाहिलेले नाही, हा पहिला. दुसऱ्याची नक्कल केली की रसाऐवजी हसू येते, हा दुसरा. दुसऱ्या आक्षेपाची साक्ष ब्रिटनमधील १९४० च्या दशकाचे मेळे देतात. लिंकनशर परगण्यातील वुडहॉल स्पा या गावी ६१७ स्क्वाड्रनचा काही काळ मुक्काम होता. तेथेही असा मेळा भरत आला आहे. चामड्याची अस्तरदार जाकिटे, टोप्या, बँडच्या तालावर नाच, जुन्या मोटारी यांच्या त्या गर्दीत मरणाच्या दिशेने निघालेला एकवीस वर्षांचा तरुण हरवतो; चाळिशी-पन्नाशीचा हौशी गृहस्थ त्याची टोपी घालून छायाचित्र काढून घेत असतो. त्याची श्रद्धा खोटी नसते. पण हसू येतेच, आणि ते भट्ट तौतांना अपेक्षित होते. याच परगण्यात ईस्ट कर्कबी येथे दोन शेतकरी भावांनी जपलेले एक लँकेस्टर आहे. मार्च १९४४ मधील न्यूरेंबर्गवरील हल्ल्यात मारल्या गेलेल्या आपल्या थोरल्या भावासाठी त्यांनी ते मिळविले. ते उडत नाही. प्रवाशांना घेऊन जमिनीवर धावते आणि थांबते. तिथे मात्र सहसा हसू येत नसावे. उड्डाण न घेणारे विमान परत न आलेल्याविषयी बरेच काही सांगून जाते.

वुडहॉल स्पा येथेच १९८७ साली उभारलेले स्क्वाड्रनचे स्मारक आहे. ते फुटलेल्या धरणाच्या आकाराचे आहे. भिंतीला मधोमध खिंडार, आणि दोन्ही बाजूंच्या दगडांवर स्क्वाड्रनच्या युद्धकाळात मारल्या गेलेल्या सैनिकांची नावे. शत्रूच्या मोडलेल्या वास्तूच्या आकारात आपल्या मृतांची नावे कोरण्याचे असे उदाहरण क्वचितच आढळेल. स्क्वाड्रनच्या चिन्हातही फुटके धरण आहे आणि त्याखालच्या फ्रेंच ब्रीदाचा अर्थ 'माझ्यामागून महापूर' असा आहे. म्हणजे पूर चिन्हात आहे, ब्रीदात आहे, शिल्पात आहे. पुनरभिनयात तेवढा नाही.

युद्ध, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सुचवाव्यात, असा नाट्यशास्त्राचा संकेत आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'सारखे अपवाद सोडले तर संस्कृत नाटकाने तो पाळला. ग्रीक शोकांतिकाही संहार पडद्याआड ठेवते आणि दूताच्या तोंडून तो सविस्तर ऐकविते. दोन्ही परंपरांत वगळण्याबरोबर सांगण्याची जबाबदारी येते; प्रवेशक किंवा दूत नसेल तर वगळणे हा नाट्यसंकेत राहत नाही, ती विस्मृती होते. डरवेंटवरील उड्डाणात दूत नाही. विमान येते, भिंतीवरून जाते, लोक पाहतात आणि घरी परततात. म्योनेच्या खालच्या अंगाला हिमेलफोर्टन येथे तेराव्या शतकात स्थापन झालेला एक मठ होता, त्या रात्री तेथील चर्च पुरात वाहून गेले आणि त्याचे पायाचे अवशेष आज स्मृतिस्थळ म्हणून राखलेले आहेत. दूताचे भाषण तिथे, दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या भाषेत चालू असते. दोन्ही ठिकाणे एकत्र वाचल्याखेरीज ही संहिता पुरी होत नाही, आणि ते काम राष्ट्रीय स्मरणविधी करत नाही. ते तौलनिक अभ्यासकाचे आहे.

पाणी एकदा खरोखर वाहिले, ते कॅनडात. २०११ साली प्रसारित झालेल्या एका माहितीपटासाठी केंब्रिज विद्यापीठातील अभियंते ह्यू हंट यांनी वॉलिस यांच्या प्रयोगाची पुनरावृत्ती केली. ब्रिटिश कोलंबियात लहान प्रमाणावर धरण बांधले, जुन्या मालवाहू विमानातून फिरता बाँब टाकला आणि धरण फोडले. मात्र बाँब स्फोटक नव्हता. भिंत पाडणारा स्फोट वेगळा घडवावा लागला. खाली वस्ती नव्हती. कॉलिंगवुड यांना अभिप्रेत असलेली पुनरावृत्ती बहुधा हीच: अभियंत्याचा विचार पुन्हा करून पाहणे. विचार अचूक होता हे सिद्ध झाले. विचाराचा परिणाम ज्यांच्या अंगावरून गेला त्यांच्याविषयी ती पद्धत काही बोलू शकत नाही.

डरवेंटच्या दरीतही एक बुडालेले जग आहे, ही गोष्ट या संदर्भात सहसा उच्चारली जात नाही. स्क्वाड्रनचा सराव चालला होता त्याच सुमारास दरीत खालच्या अंगाला लेडीबोवर हे नवे जलाशय भरू लागले होते आणि त्याच्या पाण्याखाली डरवेंट व ॲशोप्टन ही दोन गावे गेली. डरवेंटच्या चर्चचे शिखर १९४७ पर्यंत पाण्याबाहेर दिसत होते. नंतर ते सुरुंगाने पाडले. विस्थापितांना आगाऊ सूचना होती, नेहाइमच्या छावणीला नव्हती, हा भेद मोठा आहे. तरीही धरणावरून जाणाऱ्या विमानाकडे पाहणाऱ्याच्या पायाखाली कोणती वस्ती आहे, हा प्रश्न त्या जागेवर उरतोच.

मराठी वाचकाला पन्हाळगड ते पावनखिंड ही दरवर्षी पावसाळ्यात होणारी पदभ्रमंती येथे आठवेल. तिथेही पुन्हा होते ती वाटचाल. झुंज कोणी करून दाखवीत नाही आणि सिद्दीच्या सैन्याची भूमिका कोणी घेत नाही. चिखल, पाऊस आणि दमलेले पाय एवढेच तीन-साडेतीन शतकांपलीकडून मिळतात. पण त्या वाटेवर दूत आहे: मुक्कामाच्या ठिकाणी पोवाडा आणि व्याख्यान होते, आणि खिंडीत कोण पडले ते तोंडाने सांगितले जाते.

भट्ट तौतांचा पहिला आक्षेप ६१७ स्क्वाड्रनला अलीकडेपर्यंत लागू नव्हता. मूळ पाहिलेली माणसे हयात होती आणि प्रयोग त्यांच्या साक्षीने होत असे. मोहिमेतील अखेरचे वैमानिक, न्यूझीलंडचे लेस मन्रो, ऑगस्ट २०१५ मध्ये वारले. मे २०१८ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी जोराच्या वाऱ्यामुळे लँकेस्टर डरवेंटला येऊ शकले नाही. त्याच्या जागी टायफून हे आधुनिक विमान उडाले. ७ डिसेंबर २०२२ रोजी अखेरचे साक्षीदार जॉर्ज 'जॉनी' जॉन्सन १०१ व्या वर्षी निवर्तले. ते बाँब टाकणारे होते आणि त्यांच्या वाट्याला झोर्पे धरण आले होते. ते मातीच्या भरावाचे. तिथे बाँब फिरवायचा नव्हता, टप्पे घ्यायचे नव्हते, भिंतीच्या लांबीवरून उडत तो अलगद सोडायचा होता. नऊ वेळा विमान येऊन गेले आणि दहाव्या खेपेला जॉन्सन यांनी तो सोडला. धरण फुटले नाही. चित्रपटात या प्रसंगाला स्थान नाही, आणि डरवेंटवरील उड्डाणातही नाही. प्रयोगाची सत्यता ज्याच्या उपस्थितीने प्रमाणित होत असे त्या अखेरच्या माणसाने केलेली कृती प्रयोगात कधी नव्हतीच.

यापुढे मूळ पाहिलेला कोणी नाही. अभिनवगुप्ताने अनुकरण ही संज्ञा नाकारून नाट्याला 'अनुकीर्तन' म्हटले, ते पाहिलेल्याची नक्कल या कल्पनेतून सुटण्यासाठी. लँकेस्टरचे उड्डाण आता त्या संज्ञेच्या कक्षेत आले आहे. ते कीर्तन आहे, आणि कीर्तनात काय घ्यावे याची मोकळीक अनुकरणापेक्षा अधिक असते. मे २०२३ मध्ये ऐंशीव्या वर्षी लँकेस्टर लिंकनशरमधील युद्धकालीन तळांवरून फिरले. त्यांतल्या कित्येकांची आता शेते झाली आहेत. स्कॅम्प्टनचा तळ वायुदलाने २०२२ मध्ये सोडला होता, आणि आश्रय मागणाऱ्या परदेशी माणसांना तिथे ठेवण्याच्या सरकारी योजनेवर तेव्हा वाद चालू होता. ती योजना २०२४ मध्ये रद्द झाली. त्या वर्धापनदिनानंतर तीन आठवड्यांनी, ६ जून २०२३ रोजी, युक्रेनमधील काखोव्का धरण युद्धात फुटले. नेहाइमच्या छावणीत बुडालेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी युक्रेनच्याच होत्या.